कडू खमिराचं कोडं

कोणत्या काळी ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथे कौमुदी नावाची एक गणिती राहत असे. लोक आकाशातले तारे मोजायला तिच्याकडून शिकत, पण तिचं स्वतःचं मन रमे ते खमिरात. नजरेला न दिसणाऱ्या जिवांमुळे पीठ फुगतं, याचं तिला भारी नवल वाटे.

या जिवांच्या अंगी पुष्कळ बीजगुण, म्हणजे जन्मजात गुण, असतात आणि एकेका झाडपाल्याचा अर्क एकेक गुण झोपवतो, हे तिने शोधून काढलं होतं. गंमत अशी, की एक गुण झोपवला तरी खमीर मरत नसे. त्याचं काम दुसराच एखादा गुण उचलत असे. मग कोणते दोन गुण एकदम झोपले, तर जीव जाईल?

सगळ्या जोड्या करून बघायला जन्म पुरला नसता. म्हणून तिने अंगणात खडे मांडले. एक खडा म्हणजे एक गुण. एकसारखी कामं करणारे खडे शेजारी ठेवून तिने जोडी हेरली आणि त्या दोघांना झोपवणारे अर्क घातले, पण खमीर मजेत फसफसत राहिलं. कौमुदीला हसू आलं. मग तिने वेगवेगळ्या वाटांनी एकाच मुक्कामाला पोचणारे गुण शोधले. या वेळी निळ्या फुलाचा आणि रानवेलीच्या मुळीचा अर्क एकत्र घालताच खमीर निपचित पडलं.

पुढे एका साली राज्यभर रोट्या कडू होऊ लागल्या. त्या खाऊन मुलं आजारी पडली. घरोघर खमीर जाई ते राजाच्या भटारखान्यातल्या रांजणातून, आणि त्यातच खमिराच्या जिवांची कुठली तरी रानटी जात शिरली होती. राजवैद्यांनी रांजण ओतून टाकायला सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं खमीर जाणार म्हणून म्हातारा भटारी खचून गेला.

कौमुदीने त्या रोटीचा तुकडा तोंडात घातला आणि ती थबकली. पूर्वी प्रयोग करताना नुसत्या निळ्या फुलाचा अर्क घातलेल्या खमिराची रोटी तिने चाखली होती, तीही अशीच कडू लागली होती. म्हणजे त्या फुलाने झोपणारा गुण रानटी जिवात मुळातच नसावा. तिने रानवेलीच्या मुळीचा अर्क मागवला.

भटारी घाबरला. "बाई, माझं चांगलं खमीरही मरेल हो."

"नाही मरायचं, काका," कौमुदी म्हणाली. "मुळीने त्याची एक वाट बंद झाली, तरी दुसरी उघडी आहे. रानटी जिवाला ती दुसरी वाट जन्मापासूनच नाही. पण हा माझा अंदाज आहे. आधी वाटीभर खमिरावर बघू."

मुळीचा अर्क घातलेल्या त्या वाटीभर खमिराची रोटी भटाऱ्याने भीत भीत चाखली. मग दुसरा घास घेतला, आणि उरलेला अर्क स्वतःच्या हाताने रांजणात ओतला. थोड्याच दिवसांत कडवटपणा गेला, मुलं पुन्हा खेळू लागली आणि जुनं खमीर टिकलं.

बोध: कोणतीही गोष्ट तारेल की मारेल, हे तिच्या जोडीला काय आहे आणि काय नाही यावरून ठरतं.