एक दिवस उशिराची बातमी

सावळघाटात कुणी गेलं, की बाकीचे पेपर दुसऱ्या दिवशी छापतात. आमच्या 'तीरवार्ते'त मात्र ती बातमी आणखी एक दिवस उशिरा येते. लोक हसतात. शिकलेली पोरं इथं नोकरीला येतात आणि महिन्याभरात निघून जातात. मी इथं छत्तीस वर्षं मशीन चालवलं. हे असं का, ते मला माझ्या आधीच्या मशीनवाल्यानं सांगितलं.

फार मागची गोष्ट. यात्रेला निघालेला डोंगा नदीत उलटला. तेव्हा संपादक होते उपासनी. घाटावरून कुणीतरी बुडालेल्यांची सात नावं आणली. छपाईचे खिळे जुळवणारा म्हणाला, "घरोघरी विचारून येऊ का?"

"तोवर दुसरे छापतील," उपासनी म्हणाले.

सातवं नाव सुखदेव नान्हे याचं होतं. सकाळी चौकात मास्तरांनी पेपर मोठ्यानं वाचला. सुखदेवची आई, भागरथाबाई, तिथंच उभी होती. ती रडली नाही, असं सांगतात. घरी गेली, चूल विझवली, आणि विहिरीत उडी घेतली.

दुपारी सुखदेव यात्रेहून परत आला. लांबच्या पुलावरून, चालत.

आईला अग्नी देऊन तो कचेरीत आला. "माझं घर इथून दोनशे पावलांवर आहे," तो म्हणाला. "मी पाण्याले भेतो. डोंग्यात कधी बसलो नाही. माय हे जाणत होती. तरी छापून आलं म्हणून तिनं तेच खरं मानलं."

उपासनींनी छपाईयंत्रावर हात ठेवून शपथ घेतली, की दारात जाऊन विचारल्याशिवाय मेलेल्याचं नाव इथं छापणार नाही.

"तुमचा भरवसा नाही," सुखदेव म्हणाला. "मीच जातो."

तो एकतीस वर्षं जात राहिला. आत जीव उरला असेल, तर त्याचं पाऊल उंबऱ्याशीच अडायचं म्हणे. एकदा अंगणात तिरडी बांधून झाली होती. हा उंबऱ्यावर थांबला, आणि आतल्या म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

आजही नव्या माणसाचं पहिलं काम तेच. कागद-पेन न घेता जायचं, दारात उभं राहायचं. घरच्या माणसानं स्वतः नाव उच्चारलं, तरच परत येऊन लिहायचं. काही घरांत आई ते नाव उच्चारत नाही. मग आम्ही छापत नाही. अशी चार माणसं आमच्या पेपरात अजून जिवंत आहेत.