चिरलेली सनई

फार जुनी गोष्ट आहे. ज्या राजाच्या राज्यात ती घडली, त्याचे नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यात नदीकाठी एक नगर होते आणि नगराच्या देवळापुढे नगारखाना होता. तिथे दोघे भाऊ सकाळ-संध्याकाळ सनई वाजवत. थोरला सुभानजी चाल वाजवायचा. धाकटा भिवाजी शेजारी बसून एकच सूर धरून ठेवायचा.

सुभानजीची सनई त्याच्या वडिलांची. नगरातल्या एका कातार्‍याने ती शिसवीच्या लाकडातून कातून दिली होती. एका कडक उन्हाळ्यात तिला लांब चीर गेली. फुंकली की सुराआधी वाराच बाहेर पडे.

भाऊ कातार्‍याकडे गेले. तो आता म्हातारा झाला होता. त्याने चिरेवरून बोट फिरवले.

"मेली नाही ही," तो म्हणाला. "लाख भरीन, रेशमानं आवळीन, तेलात मुरवीन. पण दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही."

"दिवाळी? काका, राजकन्येचं लग्न आठ दिवसांवर आलंय!"

"लग्नापुरती भिवाजीची वाजव. एक दिवस कुणी सूर धरला नाही, तर आभाळ कोसळत नाही."

पण राजवाड्यात धाकट्याची साधी सनई घेऊन जायची सुभानजीला लाज वाटली. आठवडी बाजारात एक फेरीवाला नव्या सनया विकत होता. चकचकीत रोगण, मोठे पितळी तोंड, आणि किंमत एका कोंबडीएवढी. सुभानजीने एक उचलली.

लग्न थाटात झाले. नव्या सनईचा आवाज मोठा होता. राजाने खूश होऊन सुभानजीच्या खांद्यावर शेला घातला.

घरी परतताना भिवाजी हळूच म्हणाला, "दादा, वेळ निभावली. आता ही ठेवून दे. हिचे वरचे सूर चढतात, खालचे बसतात."

"राजाला कळलं नाही, लोकांना कळलं नाही. तुलाच बरं कळलं!"

दिवाळी आली. कातार्‍याने निरोप धाडला, सनई तयार आहे. सुभानजी म्हणाला, "नवी आता हाताला बसलीये. बघू सवडीनं." ती सवड काही झाली नाही.

भिवाजीचा सूर मात्र नव्या सनईशी रोज भांडू लागला. एके दिवशी सुभानजी वैतागला. "तूही असलीच एक घे म्हणजे जुळेल!"

"तुझ्या चुकीला मी सूर कसा देऊ, दादा?"

सुभानजीने त्याला त्याच पावली नगारखान्यातून घालवून दिले. भिवाजी कातार्‍याकडे कामाला लागला. फळीवर वडिलांची सनई कापडात गुंडाळलेली होती. दरवर्षी तो तिला तेल देई आणि पुन्हा बांधून ठेवी.

बारा वर्षे गेली. नगरातले लोक सुभानजीच्या सनईवर निजले-उठले, तिच्याच सुरात आरत्या म्हणू लागले. मग कातारी आजारी पडला. जाताना भिवाजीला म्हणाला, "ज्याची वस्तू त्याला दे."

भिवाजी सनई घेऊन थोरल्याच्या दारी गेला. बारा वर्षांत दोघे बोलले नव्हते. सुभानजीने सनई पाहिली आणि त्याचे डोळे भरून आले. चीर नखालाही लागत नव्हती. त्याने ती कपाळाला लावली, ओठांना लावली आणि फुंकली.

थोडे वाजवून तो थांबला. चेहरा कठोर झाला.

"एक सूर जागेवर नाही हिचा! बारा वर्षं मनात डूख धरलास, आणि माझ्या बापाची सनई नासवून आणलीस?"

"दादा, नीट ऐक तरी..."

सुभानजीने सनई दारातल्या दगडी पायरीवर आपटली. तिचे तीन तुकडे झाले. भिवाजीने तुकडे वेचले, उपरण्यात बांधले आणि तो निघून गेला.

त्याच वर्षी परमुलखातली एक गायिका देवदर्शनाला आली. तिने देवापुढे गायचे ठरवले आणि सुभानजीकडे सूर मागितला. त्याने दिला. ती दोनदा गाऊ लागली, दोनदा थांबली.

"बुवा, हा सूर खरा नाही," ती नम्रपणे म्हणाली.

"चाळीस वर्षं वाजवतोय मी इथं!"

तेव्हा देवळाचा वृद्ध गुरव उठला आणि त्याने मोठी घंटा वाजवली. "सुभानजी, तुझे वडील रोज या घंटेशी सूर मिळवायचे. बघ बरं."

सुभानजीने कान दिला. "घंटा बिघडलीये," तो म्हणाला.

"काशाची आहे ती," गुरव म्हणाला. "ती उन्हानं चिरत नाही, पावसानं फुगत नाही. घंटा कशी बिघडेल?"

देवळात कुणी हसले नाही. सुभानजीने पुन्हा घंटा वाजवली, पुन्हा ऐकली. ती त्याला बेसूरच वाटली. मग मात्र त्याने हातातली सनई खाली ठेवली.

तो तसाच भिवाजीच्या दारी गेला. "तुकडे ठेवलेस ना? सांध, भिवा. दिवाळीपर्यंत थांबतो. दहा दिवाळ्या थांबतो."

भिवाजीने तुकड्यांचे गाठोडे पुढे ठेवले. मग म्हणाला, "लाकूड सांधीन, दादा. पण ती बरोबर सांधली गेली, हे तुला कशावरून कळणार?"

त्यानंतर सुभानजीने सनईला हात लावला नाही. राजाने दुसरा वाजवणारा आणला. तो खरा सूर लावी, आणि नगरातले लोक कुरकुरत, "सुभानजीची सर नाही याला."

तात्पर्य: जुने खरे दुरुस्त करायचा ज्याला कंटाळा येतो आणि जो स्वस्त खोट्याशी जमवून घेतो, त्याला पुढे खरेच खोटे वाटू लागते.