खाली टाकलेली पानं

“जिंकलो मीच न्हवं? मग ती का बोलंना?”

त्या माणसानं हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी हातातली सुरी खाली ठेवली. झावळीचे हीर काढून झाडू बांधत बसलो होतो. देवळात राहणारे सोयरूबाबा मंडपाच्या खांबाला टेकून समोरच्या तळीकडे बघत होते.

तळीच्या तिसऱ्या पायरीवर एक बाई बसली होती. जांभळी इरकली साडी, डोक्यावर पदर, शेजारी प्रवासाची बॅग. ती त्याची बायको, इंदुमती. कालपासून ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

आधीच सांगून टाकतो, मला ही रिसॉर्टातली माणसं आवडत नाहीत. टेकडीपलीकडे ते कॅसिनोवालं रिसॉर्ट झाल्यापासून आमच्या देवळाची शांतता गेली. येतात, फोटो काढतात, आणि बाबांना लकी नंबर विचारतात. एसटीच्या डेपोत तीस वर्षं इंजिनांशी डोकेफोड केलेला माणूस मी. बायको गेल्यावर इथे येऊन राहिलो, ते काही असल्यांची तोंडं बघायला नव्हे. दोघातिघांना मी सरळ हाकललंही होतं. बाबा मात्र कुणाला नाही म्हणत नसत.

हा माणूस हणमंत लिगाडे. सांगोल्याचा हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी. साठीला आलेला, मिशीला पीळ, तळहात रुंद. अंगात मात्र माडांची चित्रं असलेला भडक शर्ट. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलानं दोन दिवसांचं बुकिंग करून दिलं होतं, आणि शर्टही त्यानंच घेऊन दिला होता.

बसल्या बसल्या त्यानं आपली थोरवी सांगून घेतली. माणसाचा चेहरा वाचावा तर हणमंतानं, असं म्हणे अख्खा बाजार म्हणतो. समोरचा किती अडलाय, किती खोटं बोलतोय, बैलाला खोड आहे का मालकाला, हे त्याला नुसत्या नजरेत कळतं. चाळीस वर्षांत एकही माणूस त्याच्या हातून वाचायचा राहिला नाही.

“आणि बायको?” बाबांनी विचारलं.

“ती काय वाचायची असती व्हय?” तो म्हणाला, आणि आपल्याच बोलण्यावर जरा चाचरला.

मग त्यानं कालची हकीकत सांगितली.

रिसॉर्टात दुपारी पाहुण्यांना पोकर शिकवायला एक टेबल लावतात. थोडक्या पैशांच्या चकत्या घ्यायच्या, हरलं तरी कुणाचं घर बुडत नाही. प्रत्येकाच्या हातात दोन पानं झाकलेली, मधे पाच पानं सगळ्यांना दिसतील अशी उघडी. ज्याला वाटेल आपली पानं कमी पडतील, त्यानं ती तशीच पालथी टाकून द्यायची आणि त्या डावातून बाहेर पडायचं. इंदुमतीला सावलीत बसून समुद्र बघायचा होता. यानं आग्रह करून तिला ओढत टेबलावर नेलं.

तास-दोन तासांत तिला खेळ चांगला कळला. टेबलावर नागपूरचं एक नवं जोडपं होतं, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. शेवटच्या डावात सगळ्यांनी पानं टाकली आणि नवरा-बायको दोघंच उरली. याच्या हातात राजा आणि नव्वी, मधेही राजा आणि नव्वी. यानं मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्या चकत्या पुढे सरकवल्या.

तिनं आपल्या पानांकडे बघितलं. मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. आणि पानं खाली टाकली.

टाळ्या पडल्या. इथवर सगळं ठीक होतं. पण या शहाण्यानं हात लांब केला आणि तिनं टाकलेली पानं उलटी केली. बायको कशी भिऊन पळाली ते चारचौघांना दाखवायचं होतं.

दोन राण्या होत्या. तिसरी मधे उघडी पडलेली होतीच. तीन राण्यांपुढे याच्या दोन जोड्या केव्हाच हरल्या होत्या.

पानं वाटणारी मुलगी हळूच म्हणाली, साहेब, टाकलेली पानं उघडायची नसतात. पण हणमंतला काही ऐकू येत नव्हतं. तो भर टेबलावर बायकोला म्हणाला, अगं, तीन राण्या हातात असताना टाकलीस व्हय? नागपूरची पोरं हसली. बँकवाले गृहस्थही हसले.

इंदुमतीनं पदर सारखा केला.

“सवय हाय,” ती म्हणाली आणि उठून गेली.

त्यानंतर तिनं तोंड उघडलं नव्हतं. सकाळी काउंटरवर मात्र बोलली, पण ते तिथल्या बाईशी. दुपारच्या गाडीचं तिचं तिकीट सांगोल्याचं होतं, ते तिनं पुढे मंगळवेढ्यापर्यंत करून घेतलं. मंगळवेढ्याला तिचा भाऊ राहतो. देवाला मात्र जाऊन येऊ म्हणताच ती मुकाट्यानं रिक्षात बसली होती.

“म्हंजी सांगोल्याला मी उतरायचं,” हणमंत म्हणाला, “आन ती तशीच पुढं जाणार…”

मी सुरी उचलली आणि उगाचच एक हीर तासत राहिलो.

“बाबा, मला झोप न्हाई. इहिरीकडचं रान इकताना ती एकदाच नको म्हणली, मग गप बसली. मला वाटलं पटलं. थोरलीला बारावीच्या पुढं शिकवायचं म्हणत हुती. मी स्थळ आणलं, ती गप बसली. मी म्हणलं, बघा, माझंच खरं झालं…”

बाबांनी खांबाजवळ पडलेला एक हीर उचलून माझ्या ढिगावर ठेवला.

“तुमी तिला हितं बोलवा,” हणमंत पुढे सरकला. “देवाफुडं बसवा. पस्तीस वर्सांत किती येळा पानं टाकली, कुठं कुठं टाकली, सगळं एक एक बोलायला लावा. मला कळलंच पायजे. तुमच्या शब्दाबाहेर ती जायची न्हाई.”

मला संताप आला. माझ्या हातात असतं तर त्याला तिथूनच उठवला असता. काल दोन पानं उघडली आणि आज अख्खी बाई उघडायला निघाला होता.

बाबांनी त्याच्या खांद्याकडे बोट केलं.

“टॉवेल कुठं आहे तुझा?”

हणमंतचा हात आपसूक खांद्यावर गेला. तिथे नुसता शर्ट होता. टॉवेल खोलीवर बॅगेत होता. असल्या जागी खांद्यावर टॉवेल बरा दिसत नाही, असं मुलानं बजावलं होतं.

“मी ऐकलंय, हेड्यांच्या खांद्यावर टॉवेल असतोच,” बाबा म्हणाले. “कशाला?”

आता हणमंत खुलला. विषय त्याच्या धंद्याचा होता. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं टॉवेलाखाली हात धरायचे, आणि बोटं दाबून भाव करायचा. किती बोटं धरली, किती वेळा दाबली, त्यावर आकडा. तोंडानं एक शब्द नाही. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते दोघांशिवाय कुणाला कळत नाही.

“झाकायचं कशाला पण? उजळमाथ्यानं बोलावं की.”

“तसं न्हाई बाबा.” अडाण्याला समजवावं तसा तो समजावू लागला. “इकणारा अडलेला असतो. घरात आजारपण असतं, पोरीचं लगीन असतं. तो कमी भावाला व्हय म्हणतो. आन मग सौदा मोडला तर? त्यो किती खाली आला हुता ते चौघांना कळलं, तर बाजारात त्याची मान खाली जाती. दुसऱ्या गिऱ्हाइकाफुडं उभं कसं राहायचं त्यानं? टॉवेल हाय म्हणून माणूस मान वर करून जनावर घरी नेतो.”

“आणि मधेच कुणी टॉवेल उचलला तर?”

हणमंत ताठ झाला.

“बाजारात उभा करणार न्हाईत त्याला. चाळीस वर्सांत म्या कुणाचा टॉवेल…”

तो थांबला.

…

तळीत एक नारळाचं बोंड पडलं तेवढा आवाज झाला. इंदुमतीनं मान वळवून त्या आवाजाकडे बघितलं आणि परत पाण्याकडे बघत राहिली.

हणमंतनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. एवढा मिशीवाला गडी, पण लहान मुलासारखा रडला. खरं सांगायचं तर माझाही राग कुठल्या कुठे गेला. मला माझी बायको आठवली. ती कमी बोलायची, आणि ते मला फार बरं वाटायचं. तिनं काय काय खाली टाकलं असेल, हे विचारायला आता माणूस नाही.

जरा वेळानं तो डोळे पुसून उठला. आत्ता जाऊन तिच्या पाया पडतो म्हणाला. इथे नको, गाडीतच पडतो, गाडी भरलेली असताना पडतो, म्हणजे सगळ्यांना कळेल चूक कुणाची.

बाबांनी नाही अशी मान हलवली. मग त्यांनी आपल्या खांद्यावरचा पंचा काढला. धुऊन धुऊन पातळ झालेला, कडेला विड्याचे डाग पडलेला. तो त्यांनी हणमंतच्या हातात दिला.

“जा. हात पुढं कर.”

“काय दाबू?”

“काही नको दाबू.”

“असं कसं, बाबा? पयलं गिऱ्हाइकानं दाबायचं असतं.”

बाबांनी नुसतं तळीकडे बोट केलं.

“आन तिला बोटं कुठं येत्यात? ती कवा बाजारात आली न्हाई.”

“विचारलंस कधी?”

हणमंत पंचा घेऊन पायऱ्या उतरला. दोन पायऱ्या वरच तो घुटमळला. मग खाली जाऊन तिच्या शेजारी बसला, मधे बॅग ठेवून. त्यानं उजवा हात पुढे केला आणि त्यावर पंचा टाकला.

इंदुमतीनं पंच्याकडे बघितलं. मग मान फिरवली.

मी मनात म्हटलं, संपलं. पण त्यानं हात मागे घेतला नाही. ऊन त्याच्या टाळूवर आलं होतं. घाम गालावरून ओघळत होता, तो त्यानं पुसला नाही. एरवी भाव करताना तो काय काय चेहरे करत असेल देव जाणे. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही एक नव्हतं. नुसता बसला होता.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मग जांभळ्या पदराखालून एक हात निघाला आणि पंच्याखाली गेला.

कापड हललं. एकदा. मग थांबून पुन्हा. मग भराभर, न थांबता, कितीतरी वेळ. हणमंतनं एकदम मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती पाण्याकडेच बघत होती. तिचा हात मात्र पंच्याखाली बोलत राहिला, आणि हणमंत ऐकत राहिला. एकदा त्याचे डोळे मिटले.

शेवटी तिनं हात काढून घेतला आणि डोळ्यांना पदर लावला.

हणमंत पंचा हातात धरून पायऱ्या चढून वर आला.

“तिला येत्यात,” तो बाबांना म्हणाला. “माझ्यापेक्षा चांगली येत्यात. तिचा बाप हेडीच हुता, त्यानंच लग्नाच्या आधी शिकीवली असणार. मला… पस्तीस वर्सं…”

मला राहवलं नाही. आपला स्वभावच तसा.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं. “काय मागितलं?”

हणमंतनं तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या पंच्याकडे बघितलं… आणि तोंड मिटलं. मिटलं ते मिटलंच. मी खाली बघून झावळी ओढून घेतली. माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात पायऱ्यांवरून आवाज आला. बारीक, पण खणखणीत.

“अवो, गाडी चुकंल.”

ती बॅग घेऊन उभी होती. हणमंत लगबगीनं निघाला, दोन पावलं गेला आणि परत आला. पंच्याची नीट घडी करून त्यानं ती दोन्ही हातांनी बाबांपुढे धरली.

बाबांनी घडीला हात लावला नाही.

“राहू दे,” ते म्हणाले. “घरी लागेल.”