वेणूचा अळणी रस्सा

परीचे पंख जांभळे होते की हिरवे, हे वेणूला पुढे कधी नीट आठवेना. कधी वाटे, पिकल्या जांभळासारखे जांभळे. कधी वाटे, छे, केळीच्या कोवळ्या पानासारखे हिरवे. बाकी सगळं मात्र तिला लख्ख आठवत होतं.

वेणू आणि तिची आई रानाच्या कडेला इवल्याशा झोपडीत राहत. आई लग्नघरांसाठी बोटवे वळायची. पिठाची चिमूट बोटांत घ्यायची, जराशी फिरवायची, की टोकदार, चिमुकला बोटवा टपकन ताटात! लोक त्यांची गोड खीर करत.

त्या हिवाळ्यात आई आजारी पडली. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. भाकरी नको, पेज नको, गूळपाणीही नको. आईचे हात काटक्यांसारखे झाले. बोटवे वळणं थांबलं आणि पिठाच्या डब्यात जेमतेम मूठभर पीठ उरलं.

"आई, काहीतरी खा ना गं. काय खाशील, सांग."

आईने डोळे मिटले. "लहानपणी मी आजारी पडले की माझी आई कोंबडीचा अळणी रस्सा करायची. तिखटाचा कणही नाही. नुसतं आलं, लसूण, हळद नि मिरं. वासानंच उठून बसायचे मी." मग ती क्षीण हसली. "जाऊ दे. आपल्याकडे कुठली कोंबडी?"

"जाऊ दे कसं?" वेणू म्हणाली. "मी करणार."

तिने ओचा खोचला आणि लाकडं आणायला रानात गेली. रानात सोनेरी ऊन सांडलं होतं. गवताच्या पात्यापात्यावर दवाचे मणी लुकलुकत होते. तिने लाकडांची मोळी पाठीला बांधली, तोच करवंदीच्या जाळीत काहीतरी दवाहूनही जास्त चमकलं. बोटभर उंचीची परी! तिचा झिरझिरीत पंख काट्यात अडकला होता.

"हलू नकोस हं," वेणू म्हणाली. "फाटेल."

तिने एकेक काटा अलगद बाजूला केला. स्वतःचं बोट रक्ताळलं, पण पंखाला ओरखडाही गेला नाही.

परी तिच्या तळहातावर उतरली. "तुझे हात दोन, म्हणून इच्छाही दोन माग. पण आधी ऐक. आजार माझ्या हातात नाही. आणि मी नवं काही घडवत नाही. कुठलं तरी उचलून इथं आणते, एवढंच."

वेणूने नुसतं पहिलंच ऐकलं. "मला एक कोंबडी दे!"

झुळूक आली, चांदणचुरा उडाला, आणि वेणूच्या कुशीत गुबगुबीत तांबडी कोंबडी! वेणू नाचणारच होती, पण तिची नजर कोंबडीच्या पायाकडे गेली. पायात हिरवी चिंधी बांधलेली. कोंबड्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून गावात जो तो आपापल्या रंगाची चिंधी बांधे. हिरवी चिंधी ओढ्यापलीकडच्या सरजा आजीची.

वेणूच्या डोळ्यांसमोर आईचा सुकलेला चेहरा आला. चिंधी सोडून टाकली तर कुणाला कळणार होतं? तिने गाठीला हात लावला. मग तिने कोंबडी घट्ट धरली आणि ओढ्याची वाट धरली.

सरजा आजी अंगणात उभी राहून ओरडत होती. "मेल्या कोल्ह्या, माझी मैना नेलीस होय रे! शेपटी झडेल तुझी!"

"आजी, कोल्ह्याला बोलू नकोस. मीच नेली." वेणूने सगळं सांगितलं.

आजीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "परी म्हणे! आणि ही अंडी देणारी कोंबडी चुलीवर चढवणार होतीस? बावळट कुठली!" मग आवाज उतरवून म्हणाली, "तुझ्या आईनं माझ्या लेकीच्या लग्नात बोटवे वळले होते. मला का नाही सांगितलंस गं ती आजारी आहे म्हणून? तो कोंबडा बघ. भर दुपारी आरवतो, झोपू देत नाही. जा, तिकडे तोंड कर."

थोड्याच वेळात आजीने साफ केलेलं कोंबड्याचं मटण केळीच्या पानात बांधून दिलं. आल्याचा तुकडा, लसूण आणि मिरं दिलं. वेणूची चूल विझली आहे हे ऐकून शेणीवर निखारेही दिले.

"रश्श्यात मी बोटवे घालणार," वेणू म्हणाली.

"अगं, बोटवे खिरीत घालतात!"

"आईला गोड नको वाटतंय. पण बोटवे तिचेच आहेत. ते ती नक्की खाईल."

"कर बाई, तुला हवं ते," आजी हसली.

परतताना ओढ्यातल्या शेवाळावरून वेणूचा पाय सटकला. पुडी तिने डोक्यावर उचलून धरली, पण निखारे चर्रर्र करून विझले. पाठीवरची लाकडं भिजून चिंब झाली.

वेणू रडली नाही. घरी येऊन आधी पीठ मळलं. बोटवे वळले. काही जाडे, काही वाकडे, एक तर चक्क शेपूट असलेला. मटण धुतलं, आलं-लसूण ठेचलं. सगळं मडक्यात तयार होतं. फक्त विस्तव नव्हता.

"परी," तिने हाक मारली.

परी चुलीच्या कडेवर येऊन बसली. झोपडी उजळली.

"विस्तव मागितला तर कुणाचा आणशील?"

"कुणाच्या तरी चुलीतला."

"मग त्यांची भाकरी कच्ची राहील." वेणू विचारात पडली. "तुझ्या पंखांवरचा हा उजेड कुणाचा?"

"हा? हा माझाच."

"मग यातला थोडासा दे. काडीच्या टोकाइतका. तुला कमी नाही ना पडणार?"

परी खळखळून हसली. "किती जणांनी किती मागितलं! मला कमी पडेल का, असं कुणीच विचारलं नव्हतं. घे!"

तिने पंख झटकले. ओली लाकडं धडाडून पेटली. झोपडीभर झगमगता उजेड भरला. तो ओसरला, तेव्हा परी नव्हती.

मडकं रटरटू लागलं. हळदीच्या पिवळ्याधमक रश्श्यात बोटवे नाचू लागले. वास दरवळला आणि अंथरुणावरून आवाज आला, "वेणू? हा कसला वास गं?"

आई उठून बसली होती! तिने वाटी ओठांना लावली, एक घोट घेतला. मग बोटांनी एक बोटवा उचलून पाहिला. "अगोबाई, याला शेपूट आहे!" ती हसली, आणि वाटी चाटूनपुसून रिकामी केली.

त्या दिवसापासून वेणूची चूल कधी विझली नाही. रात्री राखेखाली निखारा झाकायचा, सकाळी फुंकर घालायची. ज्याच्या घरी विस्तव नसे, तो तिच्याकडून न्यायचा. सगळ्यात आधी सरजा आजीने नेला.

पुष्कळ वर्षांनी सरजा आजी आजारी पडली. वेणू तिच्याकडे रस्सा करायला गेली. चुलीपुढे बसून तिने फुंकर घातली, वाकून जाळाच्या बुडाशी पाहिलं, आणि पाहतच राहिली. तिथून उठून ती गावातली घरं फिरली आणि तिच्या विस्तवावर पेटलेली प्रत्येक चूल तिने निरखली. सगळ्या जाळांना बुडाशी तीच नाजूक, परीच्या पंखासारखी झिरझिरीत कड होती.

पंख जांभळेच होते.