आधी फणी, मग पाणी

कुत्रा अंगण सोडून नुकताच माणसाच्या घरात राहू लागला होता, त्या जुन्या काळी एका कोनाड्यात लाकडी फणी आणि साबण राहत.

घरच्या झिपऱ्या कुत्र्याच्या अंघोळीच्या वेळी फणी म्हणाली, "साबणभाऊ, जरा थांबा. आधी मला गुंते सोडवू द्या. भिजले की आवळून बसतील."

"पाहुणे दारात आले, तरी तुमची किरकिर चालूच!" साबण हसला आणि मालकीणबाईंच्या हातात जाऊन बसला. झिपऱ्या लख्ख झाला. पाहुण्यांनी साबणाचं कौतुक केलं.

वाळल्यावर गुंत्यांच्या घट्ट गाठी झाल्या. फणी लागताच झिपऱ्या कळवळला आणि बाईंना चावला.

"मेली टोचते!" म्हणत बाईंनी फणी चुलीत टाकली आणि झिपऱ्याला कायमचं हाकललं.

जळता जळता फणीनं पाहिलं, बाई आपला चावा बसलेला हात साबणानं हळुवार धूत होत्या.