सरकारांच्या मोटारीचे गुळगुळीत टायर

सरकारांची मोटार घसरली, तेव्हा दोष पावसाचा होता, खिंडीचा होता, नाहीतर गणू जिनगराचा होता. टायरचा असणं शक्यच नव्हतं. टायर खुद्द सरकारांनी निवडले होते.

हिंगणवेळ संस्थानच्या भुजंगराव महाराजांनी मोटार घेतली, तेव्हा तिच्यासोबत टायरचे दोन संच आले. एक गुळगुळीत, एक खोल खाचांचा. खाचांचा बघून सरकारांनी नाक मुरडलं. राजाची मोटार काय नांगरटीतून आली, असं विचारून त्यांनी तो पागेच्या माळ्यावर टाकायला लावला. गुळगुळीत संच चढला आणि पागेचे दरोगे हैबतराव यांच्या ताब्यात गेला. चाळीस वर्षं ते रोज सकाळी घोड्यांच्या खुरांना तेल लावून घेत आले होते. मोटार पागेत राहते, तिला खालून चार चाकं आहेत, म्हणजे तेही खूरच, असा हिशेब करून त्यांनी टायरांनाही करडईचं तेल सुरू केलं. टायर असे चमकू लागले की त्यात बघून पगडी नीट करावी. तेलाने चाकं निसटतात, असं मोटार हाकणाऱ्या गणूने दोनदा अदबीने सुचवून पाहिलं. हैबतरावांनी त्याला, तुझ्या बापजाद्यांनी जिनं शिवली, खुरांतलं तुला काय कळतं, एवढंच ऐकवलं.

मग श्रावणात शेजारच्या संस्थानचे राजे पाहुणे आले. सरकार त्यांना मोटारीतून खिंड दाखवायला निघाले. मोटार अर्ध्या चढावरून उलटी आली आणि भाताच्या खाचरात जाऊन बसली. भांगलणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दरबारात हुकूम सुटला. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला मोटार खिंड चढलीच पाहिजे, पाहुण्या राजांच्या देखत. टायर शोभेलसे हवेत, आणि उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, तिन्हीला एकच संच. घसरली, तर गणू जिनगराने बायकोमुलीसह संस्थान सोडायचं.

दिवाणांनीही आपल्या परीने काम केलं. खिंडीने निसरडं राहू नये, असा लेखी हुकूम त्यांनी फळीवर लिहून खिंडीच्या तोंडाशी ठोकला. पावसाने तो दोन दिवसांत पुसून टाकला.

गणूने घरी येऊन ट्रंक भरायला घेतली. त्याची मुलगी आवडी अठरा वर्षांची. भांड्यावरचं झाकण पडलं तरी दचकायची, मोटारीचा भोंगा वाजला की कानांवर हात घ्यायची. पण ट्यूबला ठिगळ लावायला बापाचा उजवा हात तीच. ती तशीच पागेत गेली. गुळगुळीत टायरवर तांब्याभर पाणी ओतलं आणि अंगठा दाबला. अंगठा सरकला. मग माळ्यावर चढून खाचांच्या टायरवर पाणी ओतलं. पाणी खाचांतून वाहून गेलं आणि अंगठा जागच्या जागी राहिला.

घरी येऊन ती म्हणाली, "आबा, ट्रंक रिकामी करा. धोतरं परत दोरीवर टाका."

मग तिने सरकारांकडे अर्ज केला, की दसऱ्याला मोटार सजवायचं काम मला मिळावं. फुलांवर कोण हरकत घेणार? अर्ज मंजूर झाला. हैबतरावांना तिने सांगितलं, की तेलाचे डाग फुलांवर पडले तर सरकार रागावतील. त्या दिवशी तेलाचा डबा फडताळातच राहिला.

दसऱ्याला दुपारी हस्ताचा पाऊस कोसळला. मोटार निघाली तेव्हा चाकांवरच्या पत्र्यांपासून जमिनीलगत झेंडूच्या झालरी सोडलेल्या होत्या. मागे सरकार आणि पाहुणे राजे, पुढे गणू, आणि फुलं सांभाळायला त्याच्या शेजारी डोळे मिटून आवडी. खिंडीत लाल चिखल ओघळत होता. मोटार गुरगुरत, धापा टाकत, पण एक बोटभरही मागे न सरकता वर पोचली.

आपट्याची पानं वाटून झाली. सरकारांची छाती भरून आली होती. "पाहिलीत आमची निवड? एकच संच!" असं म्हणत त्यांनी छडीने झालर वर उचलली.

खाली खाचा होत्या. लाल चिखलाने भरलेल्या, नांगरटीसारख्या.

गणूचा हात गाडीच्या दारावरच राहिला.

"हे काय आहे?" सरकारांनी विचारलं.

आवडी एवढी दचकली की तिच्या हातातलं सोनं खाली सांडलं. "रबर आहे, सरकार," ती म्हणाली.

"आम्ही शोभेचे टायर सांगितले होते."

"होय, सरकार. पण वाड्यापासून इथवर हे टायर कुणालाच दिसले नाहीत. आपल्यालाही नाही. श्रावणात टायर आरशासारखे होते, तेव्हा खाचरात बसलेली मोटार मात्र अख्ख्या संस्थानाने पाहिली."

पाहुण्या राजांना एकदम खोकला आला. सरकारांचा चेहरा लाल झाला.

"आणि एकच संच? टायर बदलले म्हणजे राजाची निवड चुकली, असं लोक म्हणतील. त्याचं काय?"

आवडीने मान खाली घातली, तेव्हा तिला सरकारांचे पाय दिसले. ती हळूच म्हणाली, "सरकार, सकाळी पूजेला आपल्या पायांत खडावा होत्या. दरबारात मखमली जोडे होते. आता चिखलाला खिळ्यांच्या वहाणा आहेत. एका दिवसात तीनदा बदल झाला, पण सरकार चुकले, असं कुणीच म्हणालं नाही."

सरकारांनी आपल्या वहाणांकडे पाहिलं. मग टायरकडे पाहिलं. मग परत वहाणांकडे. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि हसता हसता तोल सावरायला त्यांनी धरला तो नेमका भोंग्याचा रबरी गोळा. पोंऽऽऽ! आवडी हातभर उडाली. मग तर सरकारांना हसू आवरेना.

तिथेच त्यांनी बोटातली अंगठी तिला दिली आणि मोटारीच्या टायरांची मुखत्यारी तिच्याकडे सोपवली. कोणत्या ऋतूत कोणता संच चढवायचा हे आवडी ठरवणार, आणि हैबतरावांनी तेलाचा डबा आजच तिच्या हवाली करायचा. वाड्याच्या दरवाजाच्या बिजागऱ्या फार कुरकुरतात, तो तिथे उपयोगी पडेल, असं ती म्हणाली.

"गणू," गाडीत बसताना सरकार म्हणाले, "उतारावर भोंगा वाजवू नकोस. आमच्या मुखत्यारीणबाई दचकतात."