अध्यक्षांचा नकार

ओवी मोठ्यांना उलट बोलते, वाढवण्यात आपलंच काही चुकलं का, या काळजीनं शर्वरीला रात्रभर झोप नव्हती. न्यू जर्सीच्या मराठी मंडळाच्या सभेत नेमकं तेच घडलं.

समितीनं मंजूर केलेलं मुलांचं नाटक अध्यक्ष गुर्जरांनी आपल्या भाषणासाठी रद्द केलं. "अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला नकाराधिकार असतो, तसाच मला."

नऊ वर्षांची ओवी उठली. "असतो ना, काका. पण दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश लोकांनी पुन्हा होकार दिला, की तो नकार उडतो. तुमच्या समितीत नऊ जण आहेत. सहा हात पुरेत."

पाच हात लगेच वर गेले. सहावा सावकाश गेला, तो गुर्जरकाकूंचा.

"मग राष्ट्राध्यक्षानं आता काय करायचं?" गुर्जरांनी विचारलं.

शर्वरीला धास्ती वाटली, अभिमानही.

ओवी म्हणाली, "ठरलेलं अमलात आणायचं. पडदा तुम्ही ओढा, काका."